ट्रेलरवरची शिडाची क्रूझिंग बोट: आराखडा तपासून द्या (मांडवी-झुआरी आणि थोडा किनारा)

खाडीकर
नमस्कार मंडळी. सहा मीटरच्या आसपासच्या शिडाच्या बोटीचा आराखडा जुळवतोय, चुका काढा. बोटीचं काम असं: तीन माणसं, फार तर दोन रात्री, गोव्यातल्या मांडवी आणि झुआरी नद्या आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा. ऑक्टोबर ते मे या मोसमात किनाऱ्याने कधी उत्तरेला शापोरा, कधी दक्षिणेला बेतुल. पावसाळ्याचे चार महिने बोट घराशेजारी छपराखाली राहील. धक्क्यावर बांधून ठेवायची नाही, दर वेळी ट्रेलरवरून पाण्यात.

कागदावरचे आकडे: लांबी ६.२ मीटर, रुंदी २.३५, रिकामं वजन ११०० किलो आणि त्यात ३५० किलो शिसं तळाशी. उंच त्रिकोणी बर्म्युडा शीड, डोलकाठी ८.२ मीटर, शिडाचं एकूण क्षेत्रफळ १८ चौ. मी. केबिनमध्ये चार जणांची झोपायची सोय, मागे ६ एचपीचं इंजिन. बांधणी मरीन प्लाय आणि इपॉक्सीची.

प्रश्न तीन. बोट स्थिर ठेवायला शिसं ठेवू की वॉटर बॅलास्ट (तळातल्या टाकीत भरायचं पाणी)? सेंटरबोर्ड (मधोमध वर-खाली होणारं पातं) की दोन बाजूंना दोन छोट्या कील (तळाखालचे पक्के पंख)? आणि केबिन बरोबर आहे ना?

फोंडेकार
चौथा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत: ओढणार कशाने?

बोट ११००. एवढ्या बोटीला दोन आसांचा ट्रेलर लागेल, तो ४०० च्या घरात. इंजिन, पेट्रोल, नांगर, साखळी, पाणी, सामान मिळून १५० धरा. झाले १६५०. गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचा आकडा असतो, तो बघा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरसाठी तो वेगळा असतो. सपाटीवर खेचून नेणं ही परीक्षाच नव्हे. ओल्या उतारावरून भरलेला ट्रेलर वर काढणं आणि घाटात तो थांबवणं, ही खरी परीक्षा. अनमोड किंवा चोर्ला उतरताना ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला मागून रेटला की लागणारा) सारखा दाबलेला राहतो, ड्रम तापतात आणि तळाशी पोचेपर्यंत ब्रेक विरघळल्यासारखे होतात.

रुंदी २.३५ ठीक. कायद्याने २.६ मीटरपर्यंत चालतं, पण वाड्यातल्या रस्त्यावर समोरून कदंबची बस आली की कायदा उपयोगाचा नाही.

पालव
फोंडेकारांना +१. लांबी फुकट असते, वजन विकत घ्यावं लागतं.

मांडवीकाठ
आराखड्याची सुरुवात उतारापासून करा, लांबीपासून नाही. आपल्याकडे बोट उतरवायला खास बांधलेल्या जागा मोजक्या. बरेच जण फेरीबोटीच्या धक्क्यावर डोळा ठेवतात, पण तिथे फेरी लागलेली असताना ट्रेलर आडवा घातला तर लोक योग्य ते शब्द ऐकवतात.

उतार १:८ धरा. म्हणजे पाण्याच्या कडेपासून पाच मीटर आत गेल्यावर खोली जेमतेम ६० सेंमी. ट्रेलरवर बोटीचा तळ जमिनीपासून ५० सेंमीवर असेल आणि बोट ३० सेंमी बुडणारी असेल, तर तरंगायला ८० लागतात. म्हणजे गाडीची मागची चाकं पाण्यात. उपाय दोन. एक, आस खाली घेऊन तळ जमिनीपासून ३५ वर आणा. दोन, ट्रेलरच्या पुढच्या टोकाला छोटं जॉकी चाक लावून गाडीपासून पाच-सहा मीटर दोराने सोडा.

मुरगावला उधाणाला भरती-ओहोटीत दीड ते दोन मीटरचा फरक पडतो. त्यामुळे भरतीला सोपा वाटलेला उतार ओहोटीला दगा देतो: खालचा भाग शेवाळलेला असतो आणि काँक्रीट जिथे संपतं तिथे एकदम खड्डा. चाक त्या कडेवरून उतरलं की आस काठावर टेकतो आणि ट्रेलर अडकतो. काठीने आधी चाचपून घ्या. परतायची वेळ ओहोटीची आहे की भरतीची, ते निघण्याआधीच बघा.

आणि ट्रेलरच्या चाकांचे गरम हब लगेच पाण्यात घालू नका. आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी ओढून घेते, महिन्याभरात बेअरिंग गंजतं. डोलकाठी उभी करायची ती याच वेळात, तोवर हब निवतात.

रामदासबोट
फेरीच्या धक्क्यावर 'योग्य ते शब्द' कोंकणीत मिळतात, सोबत मासळीची टोपलीही अंगावर येऊ शकते. :)

सुकाणू
आता डोलकाठी. ८.२ मीटरची ॲल्युमिनियमची काठी तारांसकट पंचवीस किलोच्या घरात. तिचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून साधारण ३.७ मीटरवर, म्हणजे आडव्या काठीचा भार ९२ किलो-मीटर. हाताने उचलायला गेलात तर अर्ध्यावर हात थरथरतात आणि तेव्हाच एखादी तार क्लीटमध्ये (दोर अडकवायच्या खुंटीत) अडकते.

पद्धतशीर मार्ग म्हणजे जिन पोल: बिजागरीजवळ १.८ मीटरचा दांडा उभा, त्याच्या टोकाला फोरस्टे (काठीला पुढून धरणारी तार), आणि टोकापासून नाळेपर्यंत (बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत) चार-पदरी कप्पी. सुरुवातीच्या क्षणी दोर साधारण ४५ अंशात असतो, म्हणून ओढ ७० किलोच्या पुढे जाते. कप्पीने ती हातावर अठरा-वीस किलो राहते, वर घर्षण. एक माणूस करू शकतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. बाजूच्या तारांचे चेनप्लेट (तारा अडकवायच्या पट्ट्या) बिजागरीच्या खाली आणि थोडे मागे असतात. त्यामुळे काठी मागे झुकली की त्या तारा ढिल्या पडतात आणि काठी वाऱ्याबरोबर आडवी कलंडते, बिजागरीचे कान फाटतात. म्हणून बिजागरीच्या पिनेच्याच रेषेत आणि त्याच उंचीवर दोन्ही बाजूंना कडी घ्या आणि तिथून काठीच्या मध्यापर्यंत दोन छोट्या तारा. पिनेच्या रेषेत असल्याने त्यांची लांबी बदलत नाही, काठी वर येईपर्यंत सरळ राहते.

पण माझं मत विचाराल तर बर्म्युडाच नको. गंटर घ्या, म्हणजे आखूड डोलकाठी आणि शिडाचा वरचा भाग धरणारी दुसरी काठी, परवान. डोलकाठी पाच मीटर, दहा-बारा किलो, एकट्याने खांद्यावर उचलून खोबणीत बसवता येते. ट्रेलरवर बोटीबाहेर लोंबत नाही.

तिसवाडीकर
असहमत. दुपारचा वारा वायव्येचा. पणजीहून आग्वादला निघालात तर तोंड सरळ त्याच वाऱ्याकडे. गंटर किंवा लगला (तिरक्या परवानीच्या चौकोनी शिडाला) वाऱ्याच्या ५० अंशांवर समाधान मानावं लागतं, चांगलं बर्म्युडा ४५ ला चालतं. पाच अंश म्हणजे नदीच्या अरुंद तोंडात दोन जादा टॅक (वाऱ्याकडे जाताना घ्यायची नागमोडी वळणं), आणि त्यात मधे बार्ज, मासेमारीच्या होड्या आणि पणजीच्या धक्क्यासमोर कॅसिनोंची रांग. वारा १५ नॉटच्या वर गेला आणि ओहोटी सुरू असली तर आग्वादच्या बारवर (नदीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या उथळ पट्ट्यावर) लाट उभी राहते. तिथे वाऱ्याकडे न चालणारी बोट म्हणजे नुसतं भिजणं.

सुकाणू
तिसवाडीकर, वाऱ्याचा हिशेब खरा. पण वेळ निवडून निघायचं ना. पहाटे मतलई वारा किनाऱ्यावरून दर्याकडे वाहतो, त्यावर बाहेर पडायचं. दुपारनंतर खारा वारा सुरू होतो, त्यावर परत यायचं. होडीवाल्यांनी शतकानुशतकं हेच केलंय, बर्म्युडावाचून काही अडलं नाही.

आणि गंटरमध्ये वरची परवान काठीला जवळजवळ समांतर उभी राहते. हॅलयार्डची (शीड चढवायच्या दोराची) कप्पी योग्य जागी आणि परवानीचा काठीला धरणारा जबडा घट्ट असला की ४७-४८ अंश मिळतात. ढिला जबडा असला तर परवान वाऱ्याखाली लोंबते आणि तिथे अंश जातात. दोष शिडाच्या जातीचा नाही, जबड्याचा.

खाडीकर
गंटरबद्दल ऐकून बरं वाटतंय, ८.२ मीटरची काठी घराच्या गेटमधून वळत नव्हतीच. बॅलास्टकडे या आता.

आर्किमिडीज_जुना
वॉटर बॅलास्टमध्ये एक मूलभूत गोंधळ आहे. पाण्याला पाण्यात वजन नसतं. मग ३०० लिटर पाणी वाहून नेऊन मिळवलं काय?

प्लायवाला
@आर्किमिडीज, टाकी बोटीचाच भाग आहे, म्हणून तिच्यातल्या पाण्याचं वजन बोटीच्या वजनात धरायचं. बोट थोडी खाली बसते आणि एकूण गुरुत्वमध्यही खाली येतो. फायदा लहान कोनात फारसा जाणवत नाही, खरा फायदा बोट खूप कलली की. म्हणून पहिले वीस-पंचवीस अंश अशा बोटी हलक्याच वाटतात आणि नवशिके घाबरतात.

आकड्यात बघा. २०० किलो बॅलास्ट गुरुत्वमध्याच्या ३५ सेंमी खाली असेल तर २० अंशात सावरणारा जोर २००×०.३५×साइन २०, म्हणजे २४ किलो-मीटर. ७५ किलोची दोन माणसं मध्यरेषेपासून एक मीटर बाहेर बसली तर १५०. म्हणजे रोजच्या वाऱ्यात बोट उभी ठेवतात ती माणसं आणि तिची रुंदी. शिसं लागतं ते बोट आडवी झाल्यावर: ९० अंशात तेच २०० किलो ७० चा जोर देतं, तेव्हा माणसं पाण्यात असतात. बॅलास्टचं काम विम्याचं, रोजचं नाही. ३५० किलो शिसं रस्त्यावरून, घाटावरून, उताराच्या शेवाळावरून ओढायचं, हा हप्ता महाग आहे.

पाणी घ्या, २५० लिटर. तीन अटी:

टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी. अर्धवट टाकीतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि बोट उलट अजून कलते. टाकीत पाणी अडवणारे पडदे घाला, वर हवेची नळी पाण्याच्या रेषेच्या पुष्कळ वर न्या.

झडप ३८ मिमी तरी. रॅम्पवर तेवढं पाणी त्यातून उतरायला पाच-सहा मिनिटं लागतात. २५ मिमीची झडप लावली तर त्याच्या दुपटीहून जास्त, मागे रांग लागते.

टाकीच्या प्रत्येक कप्प्याला हात जाईल असं झाकण. प्लायच्या टाकीत आतून इपॉक्सीचे तीन हात. कोपऱ्यात एक टाचणीएवढं भोक राहिलं की प्लाय आतल्या आत कुजतो आणि कळतं ते तळ मऊ झाल्यावर.

आर्किमिडीज_जुना
विम्याचा मुद्दा मान्य. मॅकग्रेगर २६ सारख्या बोटींनी हेच करून ट्रेलरचं वजन खाली आणलं, तेही लक्षात आहे. पण अशा बोटींना 'टाकी रिकामी असताना शीड लावू नये' ही सूचना चिकटवावी लागते. आराखड्याने माणसाच्या विसरभोळेपणावर भरवसा ठेवू नये. निदान झडपेचं हँडल सेंटरबोर्डच्या दोराशेजारी ठेवा, म्हणजे नजरेआड होणार नाही.

डासमार
केबिनवर कोणीच बोलत नाही. सहा मीटरच्या बोटीत चार बर्थ म्हणजे चार जणांनी एकमेकांचे पाय मोजणं. बर्थला १.९५ मीटर लांबी, खांद्याशी ६० सेंमी आणि पायाशी ४० सेंमी रुंदी लागते. बर्थवर ताठ बसायला डोक्यापर्यंत ९५ सेंमी. एवढी उंची काढायला केबिन वर चढते, वाऱ्याला आडवी भिंत मिळते आणि बूम (शिडाखालची आडवी काठी) डोक्यावर जाते.

शिवाय एप्रिलच्या रात्री गोव्यात बंद केबिन! वारा यायला पुढचं हॅच आणि मागचं दार एका रेषेत हवं, असं पुस्तकी ज्ञान सांगतं. नदीत नांगरल्यावर बोट वाऱ्याला नाही, प्रवाहाला तोंड करते. भरती-ओहोटी बदलली की हॅचची दिशा बदलली, वारा आडवा. आणि दिवाडी-चोडणच्या काठाला अंधार पडताच डास.

त्यापेक्षा पुढे दोघांपुरती छोटी 'कडी' (इंग्रजीतली cuddy, ठेंगणी केबिन), म्हणजे सामान कोरडं राहील, आणि कॉकपिटच्या बाकांची लांबी दोन मीटर. रात्री बूमवरून तंबू, बाजूला मच्छरदाणीची जाळी. डेक पांढरा किंवा फिकट दुधी, गडद रंगावर दुपारी पाय ठेववत नाही.

तिसवाडीकर
यात मी डासमारांच्या बाजूचा. फक्त तंबूचे बंद शिडाच्या गुंडाळीत अडकणार नाहीत असे घ्या.

रामदासबोट
कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, तंबूची चेन नीट लावा. डास सोडून देऊ.

मांडवीकाठ
विनोद बाजूला, मगरी खरंच आहेत. कालव्यात पाण्यात उतरून बोट ढकलण्याची कल्पना आराखड्यातून वगळा. त्यासाठी दोन वल्ही आणि त्यांचे खुंट हवेत, इंजिन बंद पडतं ते नेमकं अरुंद जागी. कालव्यावरचे पूल ठेंगणे, डोलकाठी पाण्यातच उतरवावी लागेल, तेव्हा गंटर किंवा निदान जिन पोलची मांडणी पाण्यावरही चालेल अशी ठेवा. वर विजेच्या तारा बघा, ॲल्युमिनियमच्या काठीला त्या जिवावर बेततात. नद्यांमध्ये मासेमारीचे खुंट आणि जाळी असतात, संध्याकाळी दिसत नाहीत.

सुकाणू
म्हणूनच दोन कीलवाली बोट नको. ती चिखलावर सरळ उभी राहते हा एकच गुण, पण ६० सेंमी बुडते. सेंटरबोर्ड वर घेतलेली बोट २५ सेंमीत चालते आणि शापोऱ्याच्या वाळूच्या बारवर तोच फरक आहे. शिवाय दोन कील चिखलात रुतल्या की निर्वातासारख्या धरतात, भरती चढूनही सुटत नाहीत.

बोर्ड १२ मिमी गॅल्व्हनाइज्ड पोलादाचा, १.२ मीटर × ४५ सेंमी, वजन पन्नास किलोच्या आसपास. तीन-पदरी कप्पीने उचला. अडकण्याची कारणं ठरलेली: वाळूवर टेकल्यावर खडे फटीत जातात, किंवा बोट पाण्यात राहिली तर फटीत बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचवाले जीव) धरतात. म्हणून बोर्डच्या पेटीच्या वरच्या बाजूला सळई घालून ढकलायला झाकणाचं भोक ठेवा. पेटीच्या आत इपॉक्सी आणि काचेचं कापड पेटी जोडण्याआधीच लावा, नंतर तिथे हात जात नाही आणि लाकूड पोखरणारा किडा नेमका तिथूनच शिरतो. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला हा धोका कमी, पण आठवडाभर नदीत ठेवलीत तर आहेच.

सुकाणूचं पातंही वर उचलणारं हवं, आणि ते खाली बांधून ठेवणारा दोर धक्क्याला आपोआप सुटणाऱ्या क्लीटमध्ये. पातं जरा मागे झुकलेलं राहिलं तरी हँडल एवढं जड होतं की लोक शिडाला दोष देतात. आधी पातं बघा.

प्लायवाला
बांधणीचं थोडं. दुकानदार 'वॉटरप्रूफ' म्हणून आयएस ३०३ चा प्लाय दाखवेल, तो नको. शिक्का आयएस ७१० चा हवा. त्याच्या कसोटीत नमुना ७२ तास उकळतात. पण शिक्का असला तरी कापलेल्या कडेत पोकळी दिसते का बघा. गर्जनचा ८×४ फुटांचा ९ मिमी ताव अठरा किलोचा, ६ मिमी बारा किलोचा. तळाला ९, बाजू-डेकला ६. सगळा मिळून पंधरा-सोळा ताव, साधारण २३० किलो प्लाय. जोड १:८ उताराचा, म्हणजे ९ मिमीला ७२ मिमी.

इपॉक्सी पावसाळ्यात लावूच नका. दमट हवेत वर चिकट थर येतो, त्यावर पुढचा हात धरत नाही. आलाच तर साध्या पाण्याने आणि खरखरीत पॅडने धुवा, थिनरने पुसू नका, पसरतो. स्लो हार्डनर घ्या, आणि दुपारी नको, संध्याकाळी लावा. सकाळी लाकूड तापत असताना आतली हवा फुगून बुडबुडे वर येतात, तापमान उतरताना इपॉक्सी आत ओढली जाते. साग असेल तर आधी ॲसिटोनने तेल पुसा.

पालव
एवढं सगळं अंगणात? दिवाडीला नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' बांधली तशी शिपयार्डलाच द्या की.

फोंडेकार
'म्हादेई' ५६ फुटी. ती गेटमधून जात नाही, आणि खाडीकरांना जगप्रदक्षिणा करायची नाही.

इंजिनाचं सांगतो. ६ एचपी कशाला? ५.५ मीटर पाणरेषेची बोट २.४३×√५.५, म्हणजे ५.७ नॉटला थांबते, पुढे नुसतं पेट्रोल. ४ एचपी पुरतं आणि वजन पंचवीस किलोच्या आसपास. शाफ्ट मात्र लांब, ५०८ मिमी. आखूड शाफ्ट चॉपी पाण्यात हवा पकडतो आणि पंखा गरगर फिरतो. इंजिन लावल्यावर नोंदणी कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या कार्यालयात विचारून घ्या, इनलँड व्हेसल्स कायदा २०२१ आता लागू आहे. ट्रेलरचं आरटीओकडे.

खाडीकर
सगळ्यांचे आभार, धागा छापून भिंतीवर लावलाय. नवे आकडे: ६ मीटर × २.३. रिकामं ६५०, एक आसाचा ट्रेलर ३००, सामान १००, एकूण १०५०. पाणी २५० लिटर. गंटर, काठी ५ मीटर, शीड १८ चौ. मी. दोघांची कडी, दोन मीटरचा कॉकपिट, ४ एचपी. तीन माणसं-सामानासह पाण्याशिवाय १००० किलोला शीड-वजन गुणोत्तर (वजनाच्या मानाने शीड किती मोठं) १८.३, पाणी भरून १५.८ येतंय. चालेल?

तिसवाडीकर
चालेल, फक्त दोन रीफ (शीड गुंडाळून लहान करायचे टप्पे) ठेवा. १५ नॉटला पहिला, २० ला दुसरा, आणि रीफचे दोर कॉकपिटमध्ये आणा. पहिल्या आराखड्यात माणसं-सामानासह हाच आकडा १४.३ च्या घरात होता, हलक्या वाऱ्यात बोट बसून राहिली असती.

मांडवीकाठ
ट्रेलरच्या हुकवर ५०-८० किलोचा भार येईल अशी बोट पुढे-मागे सरकवा. बोट मागे गेली तर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. आणि नांगर ५-६ किलोचा, मातीत धरणारा घ्या. चार नखांचा ग्रॅपनेल खडकाला चांगला, मांडवीच्या गाळात नुसता घसटतो. ६ मिमीची साखळी पाच मीटर आणि दोर खोलीच्या पाचपट.

खाडीकर
एक राहिलं. बोर्डची पिन स्टेनलेस की कांस्याची? बोर्ड गॅल्व्हनाइज्ड आहे.

सुकाणू
स्टेनलेस चालेल, पण बोर्डच्या भोकात नायलॉनची बुश घाला, नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातू भिडून जस्त आधी जातं आणि भोक लांबट होतं. पिन १६ मिमी, पेटीच्या दोन्ही बाजूंना जाड रबरी वॉशर. आणि ती पाणरेषेच्या वर बसेल अशी ठेवता आली तर गळतीचा प्रश्न बराच मिटतो.

प्लायवाला
वर बसवायची असेल तर पेटी १० सेंमीने उंच करावी लागेल. कॉकपिटचा मधला पाटा तेवढाच वर येतो, तंबूत झोपताना आड येणार नाही ना, हे एकदा कागदावर काढून बघा.